सतरा वेळा एक

गणिताच्या प्राध्यापिकेकडे गिऱ्हाइकं येतात असं सांगितलं की लोक हसतात. पण येतात. कोल्हापूरच्या ज्या कॉलेजात माझी सगळी नोकरी झाली, तिथं गणित विभागाच्या दारात वर्षाला पाचसहा तरी अनोळखी माणसं उभी राहायची. पन्हाळ्याचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर कंपास आणि पट्टी घेऊन यायचे. कुठल्याही कोनाचे तीन सारखे भाग करण्याची रीत आपल्याला सापडली आहे असं त्यांचं म्हणणं होतं. ती रीत असूच शकत नाही हे सिद्ध झालेलं आहे, असं मी त्यांना समजावायची. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी नवी आकृती घेऊन यायचे. राज्याची लॉटरी निघाली तेव्हा शाहूपुरीतला एक दुकानदार आला. कुठला नंबर लागेल ते गणितानं काढता येतं का, असं त्यानं विचारलं. येत नाही म्हटल्यावर, "मग पोरांस्नी शिकवतासा काय?" असं म्हणून गेला.

विभागातले बाकीचे प्राध्यापक अशा माणसांना माझ्याकडे पाठवून द्यायचे. त्यांचा वेळ वाचायचा. मला वेळ भरपूर होता. मी मूळची अकोल्याची. नोकरीसाठी इथं आले, रंकाळ्याच्या बाजूला एक खोली घेतली आणि तिथंच राहिले. लग्न केलं नाही. त्याला एकच एक कारण नव्हतं. होता होता राहून गेलं. स्टाफरूममध्ये मी एकटी बाई. मी आत गेले की चालू असलेलं बोलणं थांबायचं आणि कोणीतरी पाऊसपाण्याचा विषय काढायचा. वाईट कोणीच नव्हतं. पण काही दिवसांनी मी तिथं बसायचं सोडलं आणि यंत्रांच्या खोलीत बसायला लागले.

यंत्रांची खोली म्हणजे संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची खोली. तिथं हातानं फिरवायची गणनयंत्रं होती. लोखंडी, जड, टाइपरायटरएवढी. वरच्या खुंट्या सरकवून आकडा लावायचा आणि बाजूचा दांडा पुढं फिरवला की बेरीज, मागं फिरवला की वजाबाकी. गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज, भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा वजाबाकी. दांडा एकदा जास्त फिरला की घंटी वाजायची, मग एक फेरा उलटा द्यायचा. तेलाचा वास आणि तो खडखडाट मला आवडायचा. दुपारनंतर तिथं कोणी फिरकत नसे.

महादेवी मला भेटली ती पासष्ट-सहासष्टच्या सुमारास. शाहूपुरीत तिच्या वडिलांची गुळाची अडत होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला संख्यांच्या गुणधर्मांवरचा एक जादा पेपर मी शिकवायची, आणि त्या वर्षी तो घेणारी ती एकटी. साठ जण बसतील अशा वर्गखोलीत आम्ही दोघीच. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं आणि एका मुलीसाठी तास चालवणं परवडत नाही, पेपर बंद करा, असं सांगितलं. मी म्हटलं, वेळापत्रकात धरू नका, मी माझ्या मोकळ्या तासाला शिकवीन. त्यांनी खांदे उडवले. असा आमचा वर्ग यंत्रांच्या खोलीत आला.

ती कोल्हापूरकडच्या मुलींसारखी "मी जातो, मी करतो" असं बोलायची. मला पहिल्यांदा ते कानाला खटकलं. पुढं पुढं ते ऐकलं नाही की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

मूळ संख्या म्हणजे काय, हे ज्यांना शाळेनंतर आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ज्या संख्येला तिच्या स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कशानंच भाग जात नाही ती मूळ संख्या. सात, अकरा, तेवीस अशा. बाकीच्यांचे अवयव पडतात. महादेवी त्याला 'फुटणं' म्हणायची. एके दिवशी मी फळ्यावर नुसते एक मांडत गेले. अकरा फुटत नाही. एकशे अकरा फुटतो, तीन गुणिले सदतीस. चार एक मांडले तर अकरानं भाग जातो. पाच एकांचे एकेचाळीस आणि दोनशे एकाहत्तर असे अवयव पडतात. एकांची मोजदाद सहा, आठ, नऊ अशी असेल तर संख्या फुटतेच, कारण त्या एकांचे सारखे गट पाडता येतात. पण मोजदाद स्वतःच मूळ असली, सात, अकरा, तेरा अशी, तर आधी काहीच सांगता येत नाही. करून बघावं लागतं.

"करून बघू की मग," महादेवी म्हणाली.

सात एक तिनं त्याच तासाला फोडले. तेरा एकांना त्रेपन्ननं भाग गेला तेव्हा ती हसली. अकरा एकांनी मात्र तिला बरेच दिवस दमवलं. सकाळच्या तासांच्या आधी येऊन ती दांडा फिरवत बसायची. शेवटी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग गेला. मग पाळी आली सतराची.

सतरा वेळा एक. ११,११,११,११,११,११,११,१११. तीननं भाग जात नाही, सातनं नाही, अकरानं नाही. ही संख्या फोडायला एक सवलत मिळते, ती मी तिला सिद्ध करून दाखवली. हिला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर ती चौतीसच्या पाढ्यातल्या कुठल्यातरी आकड्यापेक्षा बरोबर एकनं मोठी असणार. म्हणजे १०३, १३७, २३९, ३०७, ४०९ अशाच संख्या तपासायच्या, मधल्या सगळ्या सोडून द्यायच्या. ही मोठीच सवलत. पण दुसऱ्या बाजूला, संख्या फुटत नाही असं खात्रीनं म्हणायचं तर साडेदहा कोटींच्या आसपास पोचेपर्यंत तपासत जायला हवं. हातानं दांडा फिरवून ते एका जन्मात होणारं काम नव्हतं. म्हणजे अवयव सापडला तर सुटलो. नाही सापडला तर ती फुटत नाही म्हणून सापडला नाही, की अजून पुढं आहे म्हणून, हे आम्हाला कधीच कळणार नव्हतं.

तरीही आम्ही त्या कामाला लागलो. उपयोग काही नव्हता. पण त्या वर्षी सकाळी खोलीचं कुलूप काढताना मला बरं वाटायचं, एवढं खरं.

परीक्षा झाली. ती पहिल्या वर्गात आली. तिनं एम.एस्सी. करावं म्हणून मी तिच्या वडिलांना भेटायला अडतीवर गेले. त्यांनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की आजऱ्याचं स्थळ आलं आहे, भाताची गिरणी आहे, मुलगा निर्व्यसनी आहे. मी पुन्हा म्हटलं, तिची बुद्धी वेगळी आहे.

"बाई," ते म्हणाले, "तुमी मोप शिकलासा. तुमी एकट्या ऱ्हाता. तिनं बी तसंच ऱ्हावं म्हनता काय?"

त्यांनी टोचायला म्हटलं नव्हतं. खरंच विचारत होते. मी चहा संपवला आणि उठले.

लग्नानंतर पाठवणीच्या गडबडीत महादेवी माझ्यापाशी आली. आकड्याचं काय करायचं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मी खालून चढत राहते यंत्रावर. ती म्हणाली, "मग मी वीस लाखाच्या पुढं धरतो. तुमची माझी गाठ पडंल तवा पडंल." वीस लाखच का, ते तिलाही सांगता आलं नसतं. गोल आकडा होता.

त्यानंतरची वर्षं मी कशी सांगू. सकाळी तास, दुपारी यंत्र, संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी आणि खोली. मोठ्या सुट्ट्यांत कॉलेज ओस पडायचं, तेव्हा शिपाई मला यंत्रांच्या खोलीची किल्ली देऊन गावी जायचा. आमचा सतरा आकडी आकडा यंत्राच्या आकडे दाखवणाऱ्या खिडकीत मावायचा नाही. तो दोन तुकड्यांत भागायचा, पहिल्या तुकड्याची बाकी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची. शेवटी खिडकीत सगळी शून्यं आली तर भाग गेला. कधीच आली नाहीत. काही वेळा बाकी अगदी लहान उरायची आणि मी पुन्हा एकदा भागून बघायची. पण लहान बाकी आणि मोठी बाकी यांत काही फरक नसतो. भाग जातो किंवा जात नाही. पोचता पोचता राहिलं, असं त्यात काही नसतं.

महादेवी वर्षातून एखाद्या वेळी माहेरी आली की कॉलेजात डोकवायची. पुढं तिच्या कडेवर मुलगा असायचा. ती आजऱ्यात दुपारी, गिरणी जेवणाला थांबली की पाटीवर भागाकार करायची. हातानं करताना हा भागाकार सोपा पडतो असं तिचं म्हणणं होतं, कारण वरून दर वेळी एक हाच आकडा उतरवायचा असतो. झालं की पुसायचं आणि पुढचा आकडा घ्यायचा.

"तुमचं कुठवर आलं?" ती विचारायची. मी सांगायची. "माझं बी न्हाय," ती म्हणायची. एवढंच बोलणं. पण ते बोलणं मला वर्षभर पुरायचं, कारण बाकी कोणाशी मी ते बोलू शकत नव्हते.

मग एका पावसाळ्यात विभागाच्या दारात एक नवा माणूस उभा राहिला. डोक्याला टोपी, हातात ओली छत्री. मला वाटलं, आणखी एक कोन कापणारा. त्यानं स्वतःचं नाव ईराप्पा सांगितलं आणि म्हणाला, महादेवीचा मालक. मी त्याला यंत्रांच्या खोलीत बसवलं. तो बराच वेळ टोपी काढून हातात फिरवत राहिला.

"बाई, राग मानू नगा," तो म्हणाला. "ही रोज पाटीच्या वरच्या अंगाला उभ्या रेगा वडती. एका वळीत. कुनाला पुसू देत न्हाई. आई म्हनती ही करनी हाय. माझा इस्वास न्हाई असल्यावर. पर पोरगं तापानं पडलं, आन घरातल्या बाया बोलाय लागल्या. तुमीच सांगा, ह्यो काय आजार हाय का?"

मला आधी काही कळेना. मग उलगडलं. कॉलेजात आम्ही इंग्रजी आकडे वापरायचो. तिनं पाटीच्या माथ्यावर सतरा एक मांडून ठेवलेले असायचे, आणि इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी रेघ. न कळणाऱ्याला ती सतरा रेघांची ओळ मंतरल्यासारखीच दिसणार.

मी त्याला सगळं समजावलं. यंत्र दाखवलं, दांडा फिरवायला दिला. तो गिरणीवाला, त्याला यंत्र लगेच कळलं, आत दाते कसे बसवलेत तेही त्यानं वाकून बघितलं. पण आकडा कशासाठी फोडायचा, ते त्याला कळेना. फोडून मिळतं काय, असं त्यानं विचारलं. काही मिळत नाही, असं मी सांगितलं.

"संपनार हाय का हे?"

खोटं सांगणं सोपं होतं. लवकर संपेल म्हटलं असतं तर तो समाधानानं गेला असता. मी म्हटलं, "उद्या संपेल, नाहीतर तिच्या जन्मात संपणार नाही. मला माहीत नाही."

त्यानं दांड्याला आणखी एक फेरा दिला. त्या घरात आता काय होईल? तिची पाटी फुटली असती तर मी काय करणार होते? मग तो म्हणाला की ती भांडत नाही, कामाला मागं नाही, पोराचंही सगळं करते. पाटी घेऊन बसली असताना तिला हाक मारली तर मात्र ती लांबून आल्यासारखी बघते.

"मराठी एक काढाय सांगा तिला," शेवटी तो म्हणाला. "रेग नगं. मराठी एक आईला बी कळतो. आकडा हाय म्हटल्यावर ती काय बोलायची न्हाई."

त्यानं स्वतःच जाऊन तिला तसं सांगितलं असावं. पुढच्या खेपेला महादेवी आली तेव्हा तिनं फळ्यावर लिहिलेले सगळे आकडे मराठी होते. मुलगा बरा झाला होता. सासू आता कोणी विचारलं तर सून हिशेब करते असं सांगते, म्हणाली.

आणखी दोनतीन वर्षं अशीच गेली. मी चढत चढत पाच लाखांच्या आसपास आले होते. चष्म्याचा नंबर वाढला होता. एका दुपारी महादेवी दारात आली. बरोबर कोणी नव्हतं. भावाच्या मुलीचं काहीतरी कार्य होतं, तिथून मधूनच उठून आली होती. जरीचं लुगडं, केसांत अबोली. आत आली, पंख्याखाली उभी राहिली.

"फुटला, बाई," ती म्हणाली.

मी खुर्चीतून उठले नाही. तिनं फळ्यावर दोन संख्या लिहिल्या. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. आणि खाली दुसरी, पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न. मग म्हणाली, "यंत्रावर बघू या. पाटीवर तीनदा केला, पर बघू या."

मी खुंट्या लावल्या, तिनं दांडा फिरवला. गुणाकार मावत नव्हता म्हणून तुकड्यांत केला आणि तुकडे फळ्यावर एकाखाली एक मांडले. बेरीज तिनं केली, उजवीकडून. एक. हातचा. एक. हातचा. एक. मी खडूकडे बघत होते. चार, पाच, सहा एक आले तरी मला धीर नव्हता. ती डावीकडच्या टोकाला पोचली, शेवटचा एक लिहिला आणि खडू ठेवला. आम्ही दोघी त्या ओळीकडे बघत बसलो. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

स्टाफरूममध्ये जाऊन मी सांगितलं. एकजण म्हणाले, "अरे वा," आणि पेपर उलटला. दुसऱ्यांनी विचारलं, किती आकडी होता म्हणालात? मी परत आले. महादेवीला कार्याच्या घरी परतायचं होतं. ती गेली. फळा मी बरेच दिवस पुसू दिला नाही.

तेव्हा आनंद झाला, हे खरं. पण दुसऱ्या आठवड्यात दुपारी यंत्रासमोर बसले आणि लावायला आकडाच नव्हता. ती दुपार मला जड गेली. नंतरच्या बऱ्याच दुपारी गेल्या.

ऐंशीच्या आसपास मला उजळणी वर्गासाठी पुण्याला पाठवलं. तिथल्या ग्रंथालयात कोल्हापुरात कधी पाहिली नव्हती अशी पुस्तकं होती. एका जाड, जुन्या पुस्तकात एक तक्ता दिसला: नुसत्या एकांच्या संख्या आणि त्यांचे अवयव. सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. आमचे दोन्ही अवयव तिथं होते. कोणीतरी ते माझ्या आईच्याही जन्माआधी काढले होते, आणि तेव्हापासून ते छापलेले होते.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. माझं काय, माझ्या दुपारी रिकाम्याच होत्या. पण तिनं घरादाराचं ऐकून घेतलं होतं, आजारी पोराच्या उशाशी बोलणी खाल्ली होती. पुस्तक आमच्या कॉलेजात असतं तर मी तिला पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाले असते. आता सांगायचं की नाही, यावर मी कोल्हापूर येईपर्यंत विचार केला. सांगायचं ठरवलं. ती माझी विद्यार्थिनी होती, तिला खोट्या समजुतीत ठेवणं मला जमलं नसतं.

आजऱ्याला मी त्याआधी कधी गेले नव्हते. गाडीतून उतरल्यावर काजूची टरफलं जळल्याचा तेलकट वास आला, आणि तिच्या गल्लीत शिरल्यावर घनसाळ तांदळाचा. ईराप्पा गिरणीच्या दारातून कोंड्यानं पांढऱ्या झालेल्या भुवयांनी बाहेर आला आणि मला बघून घराकडं हाक दिली. सासू थकली होती, पण माझ्यासाठी पाट तिनं स्वतः मांडला. महादेवीच्या कानांपाशी केस पिकायला लागले होते.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो, आणि मी तिला तक्त्याचं सांगितलं. काही न लपवता, किती जुनं पुस्तक, तेही सांगितलं. तिनं मान खाली घातली. ओठ हलत होते. मला वाटलं, रडते की काय.

"दुसरा बी तसाच हाय?" तिनं विचारलं. "शेवटी तीनशे सत्तावन्न?"

"तसाच आहे."

"मग बरोबर आलं म्हनायचं," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मला इतकी वर्सं वाटायचं, यंत्र तुमचं, गुनाकार माझा, कुठंतरी चूक असली तर कोन सांगनार? जुळलं की, बाई."

मी सगळ्या वाटेनं जे शब्द जुळवत आले होते ते कुठंच उपयोगी पडले नाहीत. मी म्हटलं, त्या तक्त्यात सतराच्या खालीही ओळी होत्या.

तिनं पटकन माझ्या मनगटावर हात ठेवला. "एकोणीसचं सांगू नका मला. नुकतं धरलंय."

मी सांगितलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत आले. नंतर यंत्रांच्या खोलीत एक संगणक आला, जुनी यंत्रं अडगळीत गेली, मी निवृत्त झाले. महादेवी अजून अधूनमधून येते. कुठवर आलं ते सांगते, आणि मी ऐकते. आता माझ्या बाजूनं सांगायला काही नसतं. तिच्या समोर बसून, चेहऱ्यावर काही दिसू न देता ऐकणं, एवढंच माझं काम उरलं आहे, आणि ते मला वाटलं होतं त्याहून अवघड आहे.

त्या तक्त्यात एकोणीस एकांपुढं काय छापलं होतं, ते मला स्पष्ट आठवतं. इतक्या वर्षांत मी ते कोणापाशी बोललेले नाही. इथंही लिहीत नाही. आजऱ्यालाही हा दिवाळी अंक जातो, आणि ती तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते.